नाव सांगणारा फोन

अंबरनाथ,
२ मार्च २००७

प्रिय वैदेही,

तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या माहेरी, बदलापूरच्या बेलवलीत, लँडलाइन नाही, आणि मी घेऊन दिलेला मोबाइल तू बंद करून ठेवला आहेस. म्हणजे मोबाइल विकून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोशी बोलायला पाकिटाला तिकीट चिकटवावं लागतंय. ऑफिसात कळलं तर माझी चांगलीच टर उडेल.

हळदीकुंकवाला महिना उलटला तरी तुझा राग उतरलेला नाही, असं तुझ्या चिठ्ठीवरून दिसतं. झालं काय ते एकदा शांतपणे बघू. हॉलमध्ये अर्धी सोसायटी बसलेली, माझी माई वाण वाटत होती, आणि अशा वेळी तुझी आई न सांगता आली. हातात सुकटीच्या चटणीचा डबा, आपल्या मधूला आवडते म्हणून. आमच्या घरात, त्या दिवशी, सुकट. पाठकवहिनींनी विचारलं, "या कोण?" माईला काहीतरी बोलणं भागच होतं. ती म्हणाली, "या गंगूबाई. आमच्याकडे मदतीला येतात." एका वाक्यात विषय मिटला. मी ब्रँडचं काम करतो म्हणून सांगतो, ऐन वेळी इतकं नेमकं उत्तर आमच्या जाहिरातवाल्यांनाही सुचलं नसतं.

आणि तुझ्या आईने काय केलं? डबा ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि मसाला दुधाचे पेले बाहेर आणून दिले. तिला काही वाटलं असतं तर ती परत गेली नसती का? वाटलं ते तुला. दुसऱ्या दिवशी मधू "गंगूबाईंची चटणी" म्हणाली, हे मलाही जरा खटकलं, पण सहा वर्षांची पोर, ऐकेल तेच बोलणार. तेवढ्यावरून तू तिला उचलून माहेरी गेलीस.

आता तुझी अट. "चार लोकांत माझ्या आईला एकदा सासूबाई म्हण. मग मी येते." वाचायला किती सोपी वाटते. पण चार लोक म्हणजे कोण? पाठकवहिनी, की माईचं भजनी मंडळ? आपलं रजिस्टर लग्न झालं, माईने घरी विधी केला, मी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'वैदेही' लिहिलं, तेव्हा तू हसली होतीस. यशोधरा हे नाव वाईट नव्हतं. फक्त ते ऐकलं की समोरच्याच्या तोंडावर पुढचा प्रश्न दिसायचा. वैदेहीला कोणी काही विचारत नाही. जात हा शब्द आपल्या घरात आठ वर्षांत एकदाही उच्चारला गेला नाही, याचा मला अभिमान आहे. तुलाही असायला हरकत नाही.

कामाचं एक बोलायचं आहे. कंपनी नवा फोन आणते आहे, ज्यांना वाचता येत नाही अशा बायकांसाठी. कोणाचा फोन आला की हा फोन त्याचं नाव बोलून दाखवतो. नाव आपणच आपल्या आवाजात भरून ठेवायचं. दिल्लीच्या सेठी मॅडम माझ्या वरिष्ठ आहेत, त्यांना खरीखुरी घरं बघायची आहेत. मी बदलापूर सुचवलं आणि तुझ्या आईचं नाव दिलं. नातं सांगायची गरज नाही. तू फक्त मध्ये बोलू नकोस.

मधूला पापा.

तुझा,
पुष्कर


अंबरनाथ,
१९ एप्रिल २००७

प्रिय वैदेही,

काल तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. त्याबद्दल आभार. तुझा विरोध होता आणि "जावईबापूंचं काम हाय, येऊ दे त्यांना" असं तुझ्या आईने म्हटलं, हे मला मधूकडून कळलं. समजूतदारपणा तुझ्या घरात आहे, तो तुझ्यापर्यंत आला नाही इतकंच.

तुझे बाबा रागावलेले दिसले. मी काही वावगं म्हटलं नव्हतं. कॅमेऱ्यात मागे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो येत होता. मी एवढंच म्हटलं की तासाभरासाठी उतरवून ठेवा, फोन सगळ्यांना विकायचा आहे. शिवरामराव चप्पल घालून बाहेर गेले. फॅक्टरीत तीस वर्षं साहेबांचं ऐकलेला माणूस, त्याला एक फोटो उतरवणं जड जावं, याची गंमत वाटली. शेवटी आम्हीच बिऱ्हाड स्वयंपाकघरात हलवलं. ते बरंच झालं. सेठी मॅडम म्हणाल्या, "किचन में ये ज्यादा असली लगती हैं."

तुझ्या आईने फोन हातात धरला तेव्हा मॅडमनी विचारलं, "अम्मा, सबसे पहले किसका नाम?" तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "मधू." पोरीला फोन नाही, तरी. मग, "लेक." मग शिवरामरावांनी लिहून ठेवलेल्या कागदावरून तू तिला तिसरा नंबर लावून दिलास, आणि तिने अगदी तोंडाजवळ नेऊन, देवळात बोलावं तसं हळू म्हटलं, "जावईबापू."

तो नंबर माझा होता. मॅडम म्हणाल्या, आता त्यांना फोन करायला सांगा, कसं वाजतं बघू. माझा फोन माझ्या खिशात. मी खिशातल्या खिशात तो बंद केला. "जावईबापू मतलब?" त्यांनी मला विचारलं.

"दामाद, मॅडम. बाहेर असतो."

"अच्छा. कैसा है दामाद?"

हे त्यांनी तुझ्या आईला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चांगले हायेत. कामात असतात."

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचं कौतुक वाटलं. कुठलाही सराव नाही, आणि किती सफाईने सांभाळलं. तू दारात ओठ चावत उभी होतीस. तुला आईपासून शिकण्यासारखं खूप आहे.

येताना गाडीत मॅडम म्हणाल्या, दुसरी घरं बघायची गरज नाही. हाच चेहरा खोक्यावर घ्यायचा, आणि नमुन्याचा फोन तिच्याकडेच राहू द्यायचा. वैदेही, तुला याचा अर्थ कळतो का? अख्ख्या देशात तुझ्या आईचा फोटो.

तुझा,
पुष्कर


अंबरनाथ,
८ जून २००७

वैदेही,

खोक्याचा नमुना सोबत पाठवतो आहे. तुझी आई छान आली आहे. कपाळावरचं गोंदण मी काढायला लावलं होतं, मॅडमनी परत घातलं.

नावाचं मात्र मला बघावं लागलं. मॅडमना फोनचं नाव 'गंगू' ठेवायचं होतं. मी त्यांना उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आमच्या वितरकाकडे, मुकेशभाईंकडे घेऊन गेलो. सिंधी माणूस, गल्ल्यावर बसून बाजार ओळखतो. तो खोकं उलटसुलट करून म्हणाला, "साईं, गंगू नाम से कौन लेगा? गंगू तो बर्तनवाली लगती है. गंगा रखो, घर-घर में चलेगी." बाजूला त्याची दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही मान डोलावली. गंगा ठरलं. माझं नशीबच असं दिसतं. यशोधराची वैदेही केली, गंगूची गंगा केली. दोन्ही वेळा माल तोच राहिला आणि भाव वाढला.

आता मुद्द्यावर येतो. फोटो छापायला तुझ्या आईची सही लागते. कागद मी दोनदा पाठवला, दोनदा तू कोरा परत केलास, आणि वर तेच वाक्य, "आधी चार लोकांत सासूबाई म्हण." अगं, आता तर ते आणखीच अशक्य आहे. मी ऑफिसात सांगितलं आहे की ही बाई मला शोधाशोध करताना सापडली. सासू निघाली तर मी घरचाच माणूस पुढे केला असं होईल. माझी बढती या एका फोनवर अडकली आहे. तुला हे समजत नाही की समजून घ्यायचं नाही?

मधूची शाळा येत्या सोमवारी सुरू होते. तिचं नाव अंबरनाथच्या शाळेत आहे. माझ्या वकिलाचं म्हणणं असं की प्रकरण कोर्टात गेलं तर एवढंच बघतील की पोर कुठे नीट वाढेल. इथे तिला वेगळी खोली आहे, शिवमंदिराकडे फिरायला मोकळी जागा आहे, माई तिचे श्लोक घेते. तिथे दोन खोल्यांत चार माणसं आणि वर आजोबांचा तो अबोला. मला धमकी द्यायची नाही. मी फक्त दोन्ही माल शेजारी शेजारी ठेवून दाखवतो, ते माझं कामच आहे.

माई म्हणते, सही आणली तर मागचं सगळं विसरू.

पुष्कर


अंबरनाथ,
२७ ऑगस्ट २००७

प्रिय वैदेही,

मागच्या पत्रातला सूर जरा चढला होता. आज नीट लिहितो.

खोकी छापून झाली. तुझ्या आईचा चेहरा गोदामात थप्प्या लावून पडला आहे आणि तिची सही अजून आलेली नाही. मी मॅडमना आधीच सांगून बसलो होतो की सही झाली. कंपनीच्या वकिलांनी काल कागद मागितला. मी घरी विसरलो म्हणालो. पुढच्या आठवड्यात विसरता येणार नाही. सही नसेल तर फोन जाईल आणि त्याच्या मागोमाग मी.

म्हणून तुझी अट मला मान्य आहे. नीट वाच, मान्य आहे. चौदा ऑक्टोबरला उल्हासनगरच्या हॉलमध्ये फोन बाजारात आणण्याचा समारंभ आहे. कल्याणपासून कर्जतपर्यंतचे दुकानदार येणार, मॅडम येणार, माई पहिल्या रांगेत असेल. तुझ्या आईला स्टेजवर बोलावणार आहोत. तेव्हा मी माइकवर सांगेन, "या माझ्या सासूबाई." तोवर फोन बाजारात गेलेला असेल, मग कोण काय करतं बघू. तू चार लोक मागितलेस, मी हॉलभर देतो. मधूची शपथ. आता तरी सही पाठव.

तुझाच,
पुष्कर

ता. क. (३ सप्टेंबर, मागाहून वेगळ्या कागदावर) ते पत्र तुला मिळालं आणि सही आलीसुद्धा. तुझ्या आईने 'गंगू शिवराम' एवढं वळणदार कसं काढलं कोण जाणे, मला वाटलं होतं अंगठा येईल. सोबत तुझी चिठ्ठी. "मी नको म्हणत होते. आई म्हणाली, जावईबापूंची नोकरी हाय, त्यांनी पोरीची शपथ घेतली हाय. पुष्कर, मी शपथेवर विश्वास ठेवलेला नाही. आईने ठेवलाय." ठीक आहे. कोणी का ठेवेना.


अंबरनाथ,
१९ ऑक्टोबर २००७

वैदेही,

तुझी आई बोलून झाली तशी तू हॉलमधून मधूला घेऊन निघून गेलीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. सुरुवातीपासून लिहितो.

मी सांगणार होतो. तू काहीही समज, मी सांगणार होतो. चौदा ऑक्टोबरला तुमच्या विहारात कार्यक्रम असतो, तो सोडून तुझी आई आली होती, तीच विहारातली पांढरी साडी नेसून. मी तिला हात धरून स्टेजवर घेतलं. माइक हातात होता. "या," इथपर्यंत मी आलो. समोर मुकेशभाई, त्यांच्या मागे सगळे दुकानदार, बाजूला मॅडम. माईने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "या आपल्या गंगाताई." टाळ्या पडल्या. मला वाटलं, टाळ्या संपल्या की सांगू. मग दिवे गेले आणि पडद्यावर फिल्म सुरू झाली. ती संपल्यावर सांगू म्हटलं. तेवढ्यात मॅडमनी माइक घेतला.

"अम्मा, आप हमारे पुष्कर को कैसे मिलीं?"

तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार आणि माझं सगळं संपणार. आणि तुला हसू येईल, पण त्यातच मला वाटलं, बोलली तर बरं होईल, मला बोलावं लागणार नाही.

"साहेबांच्या घरी कामाला व्हते मी," ती म्हणाली. "जानेवारीत. बायांना दूध वाटलं."

"और अब?"

"आता सोडलं काम."

"घर में कौन-कौन है?"

"मालक हाय. एक लेक हाय, यशोधरा. नात हाय. माझ्याच घरी असतात दोघी."

हॉल उठून उभा राहिला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्टेजवरच मला मिठी मारली, म्हणाल्या, "तुमने बताया क्यों नहीं? अपने ही घर की बाई में तुमने कस्टमर देखा, यही तो ब्रँड की कहानी है." त्याच रात्री जाहिरात बदलली. आता जाहिरातीत मी आहे. मी, आपलं स्वयंपाकघर, आणि शेजारी खोक्यावरची गंगा. परवा एका पेपरवाल्याने माईला गाठलं. माई म्हणाली, "आम्ही तिला कधी परकी मानलीच नाही." बढतीचं पत्र दसऱ्याला मिळेल.

बघ, तुझ्या आईने मला वाचवलं. मी तिला मनापासून धन्यवाद देतो, तू ते तिला सांग.

आता पुढचं शांतपणे ऐक. जे ती बोलली ते कंपनीने देशभर लावलं आहे. बदलापूर स्टेशनला पाटी लागली आहे, तू बघितलीच असशील. यापुढे मी खरं सांगितलं तर एकटा मी खोटा पडणार नाही. तेव्हा तुझी अट आता संपली, कारण ती पुरी करणं कोणाच्याच हातात राहिलेलं नाही. तू परत ये. वैदेही म्हणून ये, मधूला घेऊन ये. तुझ्या आईला मात्र अंबरनाथला येता येणार नाही. आली तर लोक ओळखतील. आणि मधूला घरात तिचं नाव काढू नकोस म्हणून तूच शिकव, तुझं ऐकते ती.

उत्तर दे.

पुष्कर


अंबरनाथ,
१२ नोव्हेंबर २००७

यशोधरा,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून पाडव्याला मी स्वतः बेलवलीला आलो होतो. तुम्हाला कळलंच असेल. दाराशी पिशवी ठेवून गेलो, त्यात तुझी साडी आहे आणि मधूचा फ्रॉक. तुझ्या आईसाठीही एक लुगडं आहे. काय घ्यावं सुचेना, दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग तो म्हणाला, "कामवालीला द्यायचं असेल तर या बाजूला बघा." मी त्या बाजूचं घेतलं नाही, एवढं लक्षात घे.

तुमचं दार लोटलेलं होतं. आत मधू हसत होती. खूप दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं. मी बेल वाजवायला हात वर केला, आणि मग वाटलं, जरा गंमत करू. तुझ्या आईच्या फोनवर फोन लावू. खरं कारण लिहितो. मला ते ऐकायचं होतं. एप्रिलमध्ये तिने तोंडाजवळ नेऊन म्हटलेलं, "जावईबापू." त्या दिवशी मी खिशात फोन बंद केला होता, त्यामुळे ते वाजताना मी कधी ऐकलंच नव्हतं. पाडव्याच्या दिवशी, दाराबाहेर उभं राहून, मला ते एकदा ऐकावंसं वाटलं.

आत फोन वाजला. आणि मधूच्या आवाजात बोलला, "साहेब."

पुन्हा वाजला. "साहेब."

मला आधी वाटलं, दुसऱ्या कोणाचा आला. मग मधू ओरडली, "आजी, तू ज्यांच्याकडे कामाला होतीस ना, ते." चिडवत नव्हती ती. मी तिचा आवाज ओळखतो. दूधवाला आला, पोस्टमन आला, असं सांगावं तशी ती सांगत होती.

तू आत होतीस का? तुझा आवाज आला नाही. तुझ्या बाबांची खुर्ची करकरली. आणि तुझी आई म्हणाली, "वाजू दे, बाळा. काम सोडलंय आपण."

मधूला हे कोणी शिकवलं, असं मी विचारणार होतो. पत्राच्या पहिल्या ओळीत तेच लिहिलं होतं, आणि मग तो कागद फाडला. तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या आजीने माइकवर सांगितलं होतं. मी शेजारी उभा होतो आणि मी नाही म्हटलं नव्हतं.

फोन पूर्ण वाजून बंद झाला. मी परत लावला, या वेळी दुसरं काही म्हणेल म्हणून. मग आणखी एकदा. शेजारच्या बाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या जाहिरातीतले ना? गंगूआजींचे साहेब?" मी हो म्हटलं.

आवाज स्वच्छ येतो. दार लोटलेलं असलं तरी बाहेर उभ्या माणसाला शब्द न् शब्द कळतो. त्या फोनमध्ये आता सुधारण्यासारखं काही राहिलेलं नाही.

पुष्कर